तार पोहोचली, पण माणूस?

मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ समुद्रतळावरच्या चार केबल एकाच वेळी निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचे इंटरनेट कोलमडले. बँकांचे व्यवहारही खोळंबले. श्रीमंत देशांकडे पर्यायी केबल भरपूर असतात. एखादी तुटली तरी तिथल्या सामान्य माणसाला पत्ताही लागत नाही. गरीब देशांचा कारभार मात्र मोजक्या तारांवर टांगलेला असतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २६० कोटी माणसे अजून इंटरनेटपासून दूर आहेत. श्रीमंत देशांत ९३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, तर सर्वांत गरीब देशांत अवघे २७ टक्के.

मग केबल आणि टॉवर वाढवले की प्रश्न सुटेल का? आम्हांला तसे वाटत नाही. त्याच अहवालानुसार मोबाइल ब्रॉडबँडचे जाळे जगातील ९६ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचले आहे. म्हणजे जे बाहेर आहेत, त्यांतले बहुतेक जण जाळ्याच्या टप्प्यातच राहतात. त्यांना अडवतात तीन गोष्टी: फोन आणि डेटाची किंमत, वापराची माहिती आणि आपल्या भाषेतला मजकूर.

यातला किमतीचा अडसर भारतात २०१६ नंतर बराच कमी झाला. डेटा स्वस्त झाला. उरलेले दोन मात्र आपल्या घराघरांत दिसतात. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची सोय २०१४ पासून आहे. तरीही नोव्हेंबर आला की कित्येक आजी-आजोबा नातवाच्या सवडीची वाट पाहतात. फोन त्यांचाच, पण ओटीपी वाचायला आणि तो कुणाला सांगू नये हे समजायला दुसरा माणूस लागतो. ही परावलंबी अवस्था म्हणजे दरीच; फक्त ती देशादेशांत नसून एकाच घरातल्या दोन खोल्यांमध्ये आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'ग्लोबल डिजिटल कॉम्पॅक्ट' स्वीकारला. त्यात ही दरी बुजवण्याचे आश्वासन आहे. केबलसाठी पैसा श्रीमंत देश आणि मोठ्या कंपन्या उभा करतील, कारण त्यात त्यांचाही फायदा आहे. शिकवण्याच्या कामात नफा नाही. ते शाळा, ग्रंथालये आणि आपल्यासारख्या मंडळांनाच करावे लागेल.

सभासदहो, सुरुवात घरापासून करू या. पुढच्या वेळी आजोबांचा फोन हातातून घेऊन काम उरकू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि शेजारी बसा.