आधी बहिणीला विचारा, मग गिऱ्हाईक बघा



ऊस नोंदीच्या निमित्ताने गटातून फिरताना अलीकडे लागण-खोडव्याच्या गप्पांत एक वेगळाच प्रश्न कानावर येतो. "साहेब, गावातलं घर काढायचं म्हणतोय. काय काय करावं लागंल?" कारण उघड आहे. आपण बरेच जण रानात वस्तीवर राहायला गेलो, पोरे नोकरीला पुण्या-पिंपरीला गेली आणि गावठाणातले वाडवडिलांचे घर कुलूप लावून पडले. दर पावसाळ्यात एखादी भिंत खचते, घरपट्टी मात्र चुकत नाही. मग वाटते, विकून टाकावे, ठिबकला नाहीतर लेकीच्या लग्नाला उपयोगी पडेल.

या विचारात गैर काही नाही. चुकतो तो क्रम. आपण आधी गिऱ्हाईक बघतो, मग विसार घेतो, विसाराचे पैसे खर्चूनही टाकतो आणि त्यानंतर कागद शोधायला बसतो. माझे स्पष्ट मत असे, की आधी घरातली माणसे, मग कागद आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाईक, असा क्रम असावा. मी काही वकील नव्हे, शेतकीची पदविका घेतलेला माणूस. पण बेणे न तपासता लागण करू नका, असे तुम्हाला सांगत आलो, तेच इथेही लागू आहे.

पहिली गोष्ट बहिणीची. "तिचं लग्न करून दिलं, दागिने घातले, दरसाल साडीचोळी करतो, आता तिचा काय संबंध?" हे बोलणे पारावर खपते, कायद्यापुढे खपत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत ते मृत्युपत्र न करता वारले, तर मुलगी, मुलगा आणि विधवा आई हे सारखे वारस, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेदही गेला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी होऊन किंवा कोर्टामार्फत झालेल्या वाटण्या कायम राहतात. पण "आमची तोंडी वाटणी झाली होती" एवढे म्हणून सहसा भागत नाही. मुस्लिम सभासदांचा वारसा कायदा वेगळा असला, तरी मुलीला आणि विधवेला हिस्सा तिथेही आहेच.

यातून घडते काय? आपल्याच भागातल्या एका घराचा सौदा ठरला, विसार घेतला, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलाने बहिणींच्या सह्या मागितल्या. भाऊ कागद घेऊन थेट सहीलाच गेले. बहिणीला सौदा झाल्याचे त्या दिवशी कळले. तिला पैशाचा मोह नव्हता, पण आपल्याला न विचारता आईचे घर विकले याचे दुःख होते. तिने सही नाकारली. विसार परत देण्यासाठी भावांना ऊसबिलाची वाट पाहावी लागली आणि दिवाळीचे येणे-जाणे बंद झाले ते वेगळेच.

बहिणीला विचारायचे ते केवळ सहीसाठी नव्हे. ती मालक आहे म्हणून विचारायचे. तिला हिस्सा हवा असेल तर विक्रीच्या रकमेतून तिच्या खात्यावर द्यावा आणि खरेदीखतावर तिचीही सही घ्यावी. ती खुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. तोंडी शब्दाने वा नुसते नाव कमी करण्याच्या अर्जाने हक्क जात नाही. भावाभावांतही तेच. वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकायला निघाला, तर तो घेण्याचा पहिला हक्क कायद्याने इतर वारसांना आहे. म्हणून कोणी घर राखू म्हणत असेल, तर त्यालाच आधी भाव सांगावा.

दुसरी गोष्ट कागदाची. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आपण मालकीचा दाखला समजतो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे. सिटी सर्व्हे झाला असेल तिथे मिळकत पत्रिका काढावी. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत पत्रिका तयार झाल्या आहेत. आपल्या पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, क्षेत्र किती, बोळ नि सामाईक भिंत कोणाच्या बाजूला धरली आहे, हे विक्रीच्या आधी बघा. आजोबांचेच नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. जागा सरकारकडून शर्तीवर मिळालेली असेल तर परवानगीशिवाय विकू नका. पतसंस्थेकडे घर तारण असेल तर बोजा उतरवा. वस्तीवरचे घर विकायचे असेल तर प्रकरण निराळे: ती शेतजमीन, ती बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तुकडेबंदीही आडवी येते.

तिसरी गोष्ट पैशाची. वीस हजार किंवा त्याहून जास्त विसार रोख घेऊ नये; प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि घेतल्यास तेवढाच दंड बसू शकतो. विसारपावतीने मालकी जात नाही, ती जाते नोंदणी झालेल्या खरेदीखताने. आणि इथेच विकणारा फसतो. "संपूर्ण रक्कम पोचली" असे लिहून देतो आणि बाकी तोंडी ठेवतो. पुढे पैसे आले नाहीत म्हणून खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून चेक वटल्याखेरीज सही नाही, आणि बाकी असेल तर ती खतातच लिहावी. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर "विकून" मोकळे होऊ नये. त्याने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे.

आणखी एक गैरसमज. शेतकऱ्याचे घर म्हणून त्याचा नफा शेतीउत्पन्न ठरत नाही, त्यावर कर बसू शकतो. तो नफा दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातला तर सवलत आहे. ट्रॅक्टर घेतला तर ती मिळत नाही. सौद्यापूर्वी करसल्लागाराला विचारावे.

काही सभासद म्हणतील, "एवढं सगळं बघत बसलो तर गिऱ्हाईक निघून जाईल." जाऊ द्या. कागद नीट असलेल्या घराला दुसरे गिऱ्हाईक मिळते. शिवाय कागद अपुरे असले की घेणारा भाव पाडतो, हेही विसरू नये. उसाची नोंद वेळेत न करणारा तोडीच्या वेळी शेतकी ऑफिसच्या दारात ताटकळतो, तीच गत होते.

तेव्हा घर काढायचे मनात आले, तर आधी भावंडांना एका जागी बसवावे, आईला मधोमध बसवावे आणि मोकळेपणी बोलावे. घर विकले गेले तरी माहेर राहिले पाहिजे, एवढीच विनंती.

– ऊस विकास अधिकारी