युवराजांची शिकवणी

मुंबईत नायगावच्या नाक्यावर वाढदिवसाचा फलक लागला की कोणी ना कोणी ‘युवराज’ होतोच. वडिलांचं पद, मुलाचा गॉगल आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. पोरांना सांगायच्या गोष्टींतही वेगळं काय असतं? राजपुत्र राक्षस मारतो, राजकन्या आणतो आणि पुढच्याच वाक्यात सिंहासनावर बसतो. मधली वर्षं गाळलेली असतात. ती रटाळ असतात ना!

मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ गायकवाड हा खराखुरा गोष्टीतला मुलगा. घर शेतकऱ्याचं, अक्षरओळखही नव्हती. १८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव पदच्युत झाले आणि राजघराण्यातल्या जमनाबाई दत्तकासाठी मुलं पाहू लागल्या. इथे कशाला आलास, असं विचारल्यावर बारा वर्षांच्या गोपाळने ‘राजा व्हायला’ असं सांगितलं म्हणे. टाळ्या वाजवून आपण तिथेच उठतो. त्यानंतर गोपाळचे सयाजीराव झाले, गादी मिळाली. पण अधिकार हाती आले ते डिसेंबर १८८१ मध्ये. तोवर इलियटसाहेबांची शिकवणी, मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू. शेवटी दिवाण टी. माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. राजा समोर बसून ऐकत होता.

अक्षरं उशिरा भेटलेल्या या माणसाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणवला आणि गावोगावी वाचनालयं काढली. १९१३ मध्ये सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. आंबेडकरांचं घर नायगावपासून हाकेच्या अंतरावर, परळच्या बीआयटी चाळीत होतं. (पुढे नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या त्याच आंबेडकरांना तिथे राहायला जागा मिळाली नाही. राजा शहाणा होता, शहर नव्हतं.)

राजा व्हायची हौस गोपाळलाही होतीच आणि त्यात वावगं काही नाही. फलकावरच्या पोरांनाही ती असू दे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय नायगावातच आहे, सयाजीरावांवरची पुस्तकं शोधायला लांब जायला नको. मतं मागायला युवराज दारात आले, तर मतदारांनी त्यांना चहा जरूर पाजावा आणि एवढंच विचारावं: शिकवणी कोणाकडे लावली आहे?