दिवा लागतो, पण तार निर्दोष आहे काय?

बटण दाबताच दिवा लागला, की घरातील वीजजोडणी ठीक आहे, असा आपला समज असतो. हा समज घातक आहे. तारेवरील आवरण ओलाव्याने, उष्णतेने वा उंदरांच्या दातांनी खराब झाले, तरी दिवा लागतच राहतो. झिरपणारी वीज थोडी असल्याने फ्यूजही उडत नाही; मात्र ओल्या भिंतीला वा पत्र्याला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. हा लपलेला दोष मेगर नावाच्या यंत्राने आधीच कळतो.

मृगापूर्वी आपण घर शाकारतो. त्याच वेळी परवानाधारक वायरमनकडून घर व गोठा यांची ही तपासणी करून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. मुख्य स्विच बंद करून, दिवे व उपकरणे काढून, ५०० व्होल्ट दाबाने तारा व अर्थिंग यांमधील रोध मोजतात. तो एक मेगओहम, म्हणजे १० लाख ओहम, याहून कमी भरल्यास दोष शोधून तार बदलावी.

वायरमनची मजुरी वाचविणे ही काटकसर नव्हे. पेरणीच्या तोंडावर बैल वा घरचे माणूस गमावणे कोणास परवडेल? ग्रामकार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासूनच आरंभ करावा.