‘सगळेच तर करतात!’

पालकसभेत एक वाक्य वारंवार कानी पडते : “आमचा मुलगा तसा चांगला आहे हो, संगतीने बिघडला.” आम्हांला हे पूर्णपणे पटत नाही. संगत प्रत्येकालाच असते. तिच्यापुढे ठाम कसे राहावे, हे आपण मुलांना शिकवतो का?

हा दबाव धमकी देत येत नाही. शाळा सुटल्यावर कोणी पुडी पुढे करतो, “एकदा घेऊन तर बघ!” लायसन्स नसताना तिघे एका स्कूटीवर बसतात. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एखाद्या मुलीची टर उडवली जाते. सगळे हसतात म्हणून आपणही हसतो. आणि आपल्या इंदुरात आणखी एक मूक दबाव आहे : “आई, मित्रांसमोर मराठीत बोलू नकोस ना!” मनाई कोणी केलेली नसते, आपण वेगळे दिसू, एवढीच भीती.

ही भीती मोठ्यांनाही सुटलेली नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात कॉलेजच्या तरुणांना रेषांची लांबी ताडून पाहायला सांगितले. गटातले बाकीचे आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. खरे काय ते डोळ्यांसमोर असूनही हे तरुण सुमारे एक तृतीयांश वेळा गटामागे गेले. पण गटातल्या एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी हे प्रमाण एकदम खाली आले.

आमच्या मते उपाय इथेच आहे. ‘नाही म्हणायला शीक’ एवढे सांगून भागत नाही. नाही म्हणणाऱ्याला सोबत हवी. विद्यार्थी मित्रांनो, वर्गात कोणी “नको” म्हणाला, तर गप्प राहू नका. “मलाही नको” म्हणा.

पालकहो, मुले काही सांगू लागली की लगेच उलटतपासणी घेऊ नका. “बाबा रागावतील” म्हणून त्यांना सुटका करून घेता येत असेल, तर खुशाल तुमचे नाव सांगू द्या. आणि “शेजारच्याला बघ, किती मार्क पडले!” हे बंद करा. दुसऱ्याकडे बघून चालायचे, हा धडा मुले घरातच गिरवतात.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. तिथे टपरी दिसली, तर तक्रार करून पाठपुरावा करावा.

मराठीचे म्हणाल, तर मधल्या सुटीत दोघांनी बोलायला सुरुवात करावी. तिसऱ्याला मग संकोच वाटणार नाही.