तेरड्याची चिठ्ठी

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आमच्या वाचकभगिनींस नव्यानें सांगावयास नको. कित्येक घरांत भाद्रपदांतील गौर तेरड्याच्या रोपांचीच असते. पहिल्या पावसाबरोबर उगवून श्रावणांतच फुलूं लागणारें हें झाड परसांत हौसेनें लावतात, आणि रानांतही तें आपोआप उगवतें. मग हातीं आलेलें रोप लावलेलें कीं रानचें, हें ओळखावें कसें?

पिकलेल्या बोंडास बोट लागतांच तें तडकून बीं उडवितें. या उतावळेपणावरूनच त्यास ‘इंपेशन्स’ हें लॅटिन नांव मिळालें. परसांतलें बीं असें कुंपणाबाहेर जातें. दाट पाकळ्यांचें फूल बागेंतलें म्हणून ओळखतां येतें. एकेरी फुलाचें वाळलेलें रोप मात्र आपलें जन्मस्थान सांगत नाहीं. शिवाय हीं फुलें इतकीं नाजूक, कीं वाळतांना त्यांचा आकारच मोडतो. १९११ मध्यें वारलेले वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनीं अखेरचीं वर्षें याच कुळाच्या वाळलेल्या नमुन्यांशीं झगडण्यांत घालविलीं.

म्हणून शुष्क वनस्पतींच्या संग्रहांत रोपाइतकेंच मोल खालच्या चिठ्ठीस असतें. शाळेंत असतां आम्ही मुलांच्या वह्यांत चिकटविलेलीं पुष्कळ फुलें पाहिलीं. बहुतेकांखालीं केवळ नांव असे. असा कागद शोभेचा होय, पुराव्याचा नव्हे.

आपल्या भागास तर पुराव्याची विशेष गरज आहे. मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजांत ब्लॅटर संग्रह १९०६ मध्यें सुरू झाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ पासून १९०८ पर्यंत निघाला. पण त्या वेळीं हदगांव निजामाच्या राज्यांत, म्हणजे इलाख्याबाहेर होतें. मराठवाड्याच्या वनस्पतींवरील व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास १९९८ साल उजाडलें.

तेव्हां यंदा मुलांकडून तेरड्याचें एक रोप अवश्य दाबवून घ्यावें. देठ पाणीदार असल्यामुळें कागद रोज बदलावा. एखादें फूल निराळें पसरून ठेवावें. चिठ्ठीवर गांव, जागा, लावलेलें कीं आपोआप उगवलेलें, व आपलें नांव लिहावें. तिथि घातली तरी इंग्रजी तारीख विसरूं नये. अधिक मासामुळें श्रावण मागेंपुढें सरतो. फूल यंदा लवकर आलें कीं उशिरां, हें पुढच्या पिढीस तारखेवरूनच ताडतां येईल.