परदेशातील कामगाराचे मत

कांजूरमार्गचा पत्ता पारपत्रावर असलेला वेल्डर आखाती देशात कामाला गेला, तरी कायद्याने तो विक्रोळी विधानसभा आणि ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघाचा मतदार होऊ शकतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने घातलेल्या २०अ कलमाचा हा लाभ. त्यात मेख एवढीच की, मत देण्यासाठी त्याने आपल्या मतदान केंद्रावर जातीने हजर झाले पाहिजे.

ईशान्य मुंबईत २० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. त्या एका दिवसासाठी रजा आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे कोणत्या कामगाराला परवडणार? त्या निवडणुकीत देशभर १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. मतदान केले २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. उरलेल्या साऱ्या देशाच्या वाट्याला तीनशेही नाहीत. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे त्यालाच मत, ही मालमत्तेवर आधारलेल्या मताधिकाराचीच नवी आवृत्ती होय.

अडचण व्यवस्थेची आहे, हा बचाव टिकत नाही. वकिलातीत नेमलेला सरकारी अधिकारी त्याच परक्या शहरातून टपालाने मत देतो. अधिकाऱ्यावर विश्वास आणि कामगारावर अविश्वास, हा भेद लोकशाहीला शोभणारा नाही. टपाली मताची सोय परदेशस्थ नागरिकांना देण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सरकारपुढे ठेवला. २०२४ ची निवडणूक आली तरी तो अमलात आला नव्हता.

तथापि कोणताही मार्ग चालेल, असे म्हणता येणार नाही. मुखत्यारामार्फत मतदानाचे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये संमत केले आणि २०१९ मध्ये सभागृहाबरोबर ते निकालात निघाले. त्याची खंत नको. दुसऱ्याच्या हाती सोपवलेले मत गुप्त राहत नाही, आणि जे गुप्त नाही त्याचा सौदा होतो. मालकाच्या छावणीत राहणाऱ्या कामगाराची टपाली मतपत्रिकाही निर्धोक नाही. म्हणून टपालाच्या जोडीला वकिलातींत मतदान केंद्रे हवीत.

हीच कसोटी देशांतर्गत स्थलांतरितालाही लागू आहे. गावच्या यादीत नाव ठेवून मुंबईत राबणाऱ्या मजुराचेही मत वाया जाते. त्यांच्यासाठी दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा आयोगाने २०२२ च्या अखेरीस केली. पण २०२४ च्या निवडणुकीत ते यंत्र दिसले नाही.

कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतील परदेशी गेलेल्यांच्या घरी जावे, ६अ नमुन्याने त्यांची नोंदणी करवून घ्यावी. यादीत नावच नसलेल्यांची मागणी संसदेच्या कानी पडत नाही.