विळा आमचा, पाना कुणाचा?



धानोरा तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे हलका धान कापणीला येतो, त्यामागून भारी धान. त्या दिवसांत गावात बैठक लावली तर बाया येत नाहीत. त्या बांधीत असतात, सकाळपासून उकिडव्या बसून कापत पुढे सरकत असतात. कडपा वाळल्या की भारे बांधायचे, डोक्यावरून खळ्यावर आणायचे, पुंजणे रचायचे. रोवणी बायांची, निंदण बायांचे, कापणीही बहुतेक बायांचीच. म्हणून या वेळी कापणीच्या अवजारांबद्दल लिहायचे ठरवले. स्त्रीमुक्तीच्या अंकात रिबिटा आणि नटबोल्टांची चर्चा कशाला, असे कुणाला वाटेल. तरीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

आमच्या ओळखीच्या एका बचत गटाने जुने कापणीयंत्र विकत घेतले. हे यंत्र म्हणजे इंजिनावर चालणारा विळाच. पुढे जमिनीलगत एक लांब लोखंडी पट्टी असते. पट्टीवर त्रिकोणी पाती रिबिटांनी ठोकलेली असतात आणि पातीखाली बोटांसारखे खिळे असतात. इंजिनाकडून येणारा एक दांडा ती पट्टी डावी-उजवीकडे वेगाने हलवतो आणि धान पाती व बोटांच्या मधे कात्रीसारखा कापला जातो. बांध्या लहान असल्याने मोठे हार्वेस्टर सगळीकडे उतरत नाही. हे छोटे यंत्र उतरते.

तिसऱ्या दिवशी पाते दगडावर आपटले. तीन पाती तुटली, दांडा वाकला. गटातल्या दोघी बसने भाग आणायला गेल्या. दुकानदाराने सांगितले, "हे मॉडेल बंद झालं, भाग येत नाही." आणि पुढे म्हणाला, "बाई, हे तुमचं काम नाही. घरच्या माणसाले पाठवा." यंत्र गटाच्या नावावर होते, पैसे गटाचे होते, कर्जाचा हप्ताही गटच भरत होता. तरी बोलायला माणूस हवा होता!

त्या परत आल्या आणि गावच्या लोहाराकडे गेल्या. पुढचे काम सविस्तर सांगते, कारण दुसऱ्या गटालाही त्याचा उपयोग होईल. आरागिरणीत टाकून दिलेल्या गोल आऱ्याचे पोलाद मिळाले. गटातली एकजण ब्लाउज शिवते. तिने न तुटलेले पाते पुठ्ठ्यावर ठेवून खाका काढला. कोन जरासा चुकला तरी पट्टी अडकते, म्हणून प्रत्येक तुकडा त्या खाक्याशी ताडून पाहिला. आऱ्याचे पोलाद इतके कडक की त्याला भोक पडेना. लोहाराने ते लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरले आणि रात्रभर हळूहळू निवू दिले. सकाळी ते मऊ झाले होते. भोके पाडून, कानशीने धार काढून धारेला पुन्हा पाणी दिले. मग पाते थोडे तापवून कडकपणा उतरवला, नाहीतर ते काचेसारखे तडकते. रिबिटा मऊ लोखंडाच्या घेतल्या आणि त्यांची डोकी सपाट ठोकली, म्हणजे ती खाली घासणार नाहीत.

दांड्यासाठी धावड्याचे सरळ रेषांचे लाकूड निवडले. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे धावडाच वापरतात. लाकडाचा दांडा म्हणजे कामचलाऊ जुगाड, असे कुणी म्हणेल. परंतु युरोप-अमेरिकेतल्या घोड्यांनी ओढायच्या जुन्या गवतकापणी यंत्रांना मुद्दाम लाकडीच दांडा असे. पट्टी अडकली की आधी लाकूड मोडावे, ओतीव लोखंड वाचावे, हा त्यामागचा हिशेब. लाकूड बदलता येते. शेवटी पट्टी एका टोकाला सरकवली की प्रत्येक पाते बोटाच्या बरोबर मध्यावर येते का, हे तपासले. तसे येत नसेल तर धान कापला न जाता चिंबतो. हे सर्व इंजिन बंद करून आणि प्लगची वायर काढून ठेवूनच करायचे, हे लोहाराने दोनदा बजावले. यंत्र चालले. हंगाम निघाला.

या कामात अवघड काय होते? ताकद लागली, पण भारे वाहणाऱ्या बायांना ताकद शिकवायची गरज नाही. अचूक माप लागले, ते शिवणाऱ्या बाईकडे होते. कोणते लाकूड सरळ, कोणते चिवट, हे जंगलात जाणाऱ्या बायांना ठाऊक होते. नव्हती ती एकच गोष्ट: हे काम आपले आहे ही समजूत.

ही समजूत कुठून येते ते लोहाराच्या भट्टीवरच पाहा. महाराष्ट्रभर पाल ठोकून राहणाऱ्या घिसाड्यांच्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो. समोर उभी राहून घण मारते ती बायको, कित्येकदा पोटुशी असतानाही. भाताही तीच ओढते. तरी कारागीर कोण? तो. सांडशी त्याच्या हातात असते. लोखंड कधी काढायचे, कुठे ठोकायचे, कधी पाण्यात बुडवायचे, हे ठरवणारा तो. तेव्हा "बायकांना लोखंडाचे काम झेपत नाही" हे म्हणणे खोटे आहे. झेपते, आणि शतकानुशतके करवूनही घेतले आहे. नाकारला आहे तो निर्णय, कसब आणि त्याबरोबर येणारा मान व पैसा. मध्य भारतातल्या अनेक समाजांत बाईने नांगराला हात लावू नये असा दंडक आहे. विळ्याला असा दंडक नाही, कारण विळ्याने बाईचे कष्ट वाढतात, तिचा अधिकार वाढत नाही.

एस्टर बोसरप या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1970 साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले की शेतीत सुधारित अवजार आले की ते पुरुषाच्या हाती जाते आणि हातकाम बाईकडे उरते. आपल्याला हे पुस्तकाशिवायही माहीत आहे. धान कांडणे हे बायांचे काम होते. गिरणी आली, हातांचे फोड गेले, ते चांगलेच झाले. पण दुसऱ्याचे धान कांडून मिळणारी बायांची मजुरीही गेली आणि गिरणीचा पट्टा सुरू करणारा हात पुरुषाचा झाला.

म्हणूनच आपल्यातल्या काही कार्यकर्त्या विचारतात, "यंत्र हवेच कशाला? भूमिहीन बाईची कापणीची मजुरी जाईल." हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. कापणीचे दिवस हे मजूर बाईच्या वर्षाचे मुख्य कमाईचे दिवस. पण यंत्र आपल्याला विचारून येत नाही, ते येतच आहे. आपण दूर राहिलो तर मजुरी बाईच्या हातून जाईल आणि भाडे पुरुषाच्या खिशात जाईल. गटाने यंत्र घ्यावे, पण कुणाच्या बांधीत चालवायचे आणि भाड्यातून मजूर बायांचा वाटा किती, हे आधी सर्व बायांनी, भूमिहीन बायांसह, बसून ठरवावे. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीशिवाय निर्णय न घेण्याची पद्धत पाळली आणि 2009 साली जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. जंगलाचा कारभार गावाला चर्चेने करता येतो, तर एका यंत्राचा का करता येऊ नये?

सरकारी योजनेचेही पाहा. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात 2014-15 पासून स्त्री शेतकऱ्याला जास्त अनुदान आहे: सर्वसाधारण शेतकऱ्याला 40 टक्के तर तिला 50 टक्के. त्यामुळे घरोघरी बाईचे नाव अर्जावर चढते. यंत्र आले की किल्ली नवऱ्याकडे, पाना दिराकडे. आणि अर्जासाठी मुळात जमिनीचा कागद लागतो, तो किती जणींच्या नावे आहे? 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा आहे. आपल्या गावातल्या पट्ट्यांवर दोन्ही नावे आहेत का, हे तपासण्याचे काम आजच हाती घेण्यासारखे आहे.

दुरुस्ती शिकवता येते याचे उदाहरण जुने आहे. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गरीब, दलित बायांना हातपंप दुरुस्त करायला शिकवले. अक्षरओळख नसलेल्या बायांनी पंप उघडले आणि पाण्यासाठी मेकॅनिकची वाट पाहणे थांबले. पंपही बदलला. इंडिया मार्क 2 मध्ये आतला भाग काढायला जड पाइप वर ओढावे लागत. मार्क 3 मध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. दुरुस्ती गावातच व्हावी असे ठरवले की यंत्राचा घाटही त्याप्रमाणे बदलता येतो. जड आहे म्हणून बाईला बाजूला सारणे हा निसर्गनियम नाही.

तेव्हा काही गोष्टी आपण मागूया आणि काही आपणच करूया:

1. स्त्रीच्या नावे यंत्राला अनुदान देताना तिलाच चालवण्याचे आणि दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे, घरच्या पुरुषाला नव्हे.

2. विकलेल्या यंत्राचे भाग ठरावीक वर्षे मिळतील याची लेखी हमी घ्यावी, आणि पाती, बेअरिंग व रिबिटांची मापे मराठीत द्यावीत.

3. प्रत्येक गटाने आपल्या यंत्राच्या सर्व झिजणाऱ्या भागांचे खाके यंत्र नवे असतानाच काढून ठेवावेत. तुटल्यावर माप मिळत नाही.

4. पाना-पेटी गटाच्या बाईच्या घरी राहावी. ही अट लहान दिसते, पण पहिले भांडण हिच्यावरूनच होते.

5. गावच्या लोहाराचे काम टिकवावे आणि त्याच्या घरातल्या बाईला कामाचा दाम वेगळा द्यावा.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. ती आणण्यात आणि गावागावांत टिकवण्यात बायांचा केवढा वाटा आहे हे सांगायला नको. दारूचे मडके फोडताना ज्या हातांनी नवऱ्याला, पाटलाला, ठेकेदाराला विचारले नाही, ते हात एका बोल्टपाशी थांबतात, ही गोष्ट मला फार दिवस खुपते आहे.

त्या गटातली एक वयस्क मामी परवा म्हणाली, "पोरी, आता मोडलं तरी भेव नाही. कुठून मोडते ते पायलं ना आमी." पुढच्या कापणीआधी दोन दिवस काढून बाजूच्या गावांतल्या बायांना तीच ते दाखवणार आहे. आपल्या भागातल्या मैत्रिणींनी यावे, येताना आपल्या यंत्राचे एक तुटके पाते सोबत आणावे.